पाच घरांचं इंग्रजी

जमिनीचं भांडण रत्नागिरीच्या कोर्टात असतं तोवर मराठीत चालतं. अपील उच्च न्यायालयात गेलं की तेच भांडण इंग्रजी बोलायला लागतं. राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानं उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरवून दिली आहे, आणि खाली आमच्याकडे सातबारे, फेरफार, खरेदीखतं, मृत्युपत्रं, पंचनामे हे सगळे कागद मराठीत. या दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यावर माझं पोट आहे. वकिलांचे कारकून फायली आणून टाकतात, मी त्यांचं इंग्रजी करते आणि खाली भाषांतर बरोबर असल्याचा दाखला लिहून सही ठोकते. या कामामुळे माझं इंग्रजी पक्कं आहे असा बाररूममध्ये बोलबाला आहे. बरीच वर्षं मलाही तो पटत होता. वर्डल खेळायला लागले आणि तो बोलबाला किती चौकटीतला आहे ते कळलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द ओळखायचा, प्रयत्न सहा. अक्षर जागच्या जागी असेल तर ते घर हिरवं होतं, शब्दात आहे पण जागा दुसरी असेल तर पिवळं, नसेलच तर करडं. जगभर सगळ्यांना रोज एकच शब्द. मात्र दिवस बदलतो तो आपापल्या घड्याळाप्रमाणे. त्यामुळे रत्नागिरीत मध्यरात्री नवा शब्द उघडतो तेव्हा न्यू जर्सीत माझ्या बहिणीच्या मुलाकडे आदल्या दिवसाची दुपार असते. एवढ्या एका बाबतीत रत्नागिरी अमेरिकेच्या पुढे आहे, असं मी त्याला ऐकवत असते. मी खेळते मात्र सकाळी, नळाचं पाणी भरून झाल्यावर, चहा घेता घेता. मग रंगीत चौकोनांची ती उतरंड आमच्या घरच्या ग्रुपवर जाते. त्यात अक्षरं नसतात, नुसते रंग. तेवढ्यावरून कोण कुठे अडकलं ते कळतं.

कोर्टातले शब्द आले की मला बघायला नको. 'अबेट' घ्या. इंग्रजी साहित्यवाल्यांच्या लेखी वादळ ओसरणं वगैरे त्याचा अर्थ. आमच्याकडे वादी मयत झाला आणि त्याचे वारस नव्वद दिवसांत दप्तरी लावले नाहीत की दावा 'अबेट होतो'. पाचवी नापास पक्षकारसुद्धा हा शब्द बिनचूक वापरतो, कारण त्याच्या काकाचा दावा असाच गेलेला असतो. 'क्वॅश', 'इव्हिक्ट', 'वेव्ह', 'यूसर्प', 'प्लीड' ही सगळी आमच्या ओसरीवरची मंडळी. फेब्रुवारी २०२२मध्ये एके दिवशी 'टॅसिट' हे उत्तर होतं. समाजमाध्यमांवर लोक कुरकुरत होते की हा काय शब्द आहे! कुळकायद्याच्या कागदांत 'मूक संमती' रोजची असल्यामुळे मला तो तिसऱ्या ओळीत सुटला.

त्याच महिन्यात सी, ए, यू, एल, के असा एक शब्द येऊन गेला आणि मी सहाच्या सहा ओळी संपवून बसले. अर्थ पाहिला: पाणी आत येऊ नये म्हणून सांध्यातली फट बुजवणं. अमेरिकेत म्हणे न्हाणीघरात, खिडकीच्या कडेला, नळीतून लुकण पिळून हे करतात, आणि नवीन घर घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी गुडघ्यावर बसून हे काम करतो. माझं माहेर भाट्याच्या खाडीच्या अलीकडचं, काजळी नदी समुद्राला मिळते तिथलं. आमच्या लहानपणी राजिवड्याला लाकडी होड्या पावसाळ्यात वर काढून ठेवलेल्या असत, आणि हंगाम तोंडावर आला की फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचं काम चाले. बोथट छिन्नी सांध्यावर धरायची, वरून लाकडी हातोडीचे हलके ठोके, कापसाची वात आत जाते, मग तेल-राळेचा लेप. तो ठक्-ठक् आवाज आमच्या शाळेपर्यंत यायचा. म्हणजे वस्तू, कृती, वास, आवाज सगळं ठाऊक, आणि त्याचं इंग्रजी नाव ठाऊक नाही. कसं असेल? होडीचे सांधे कुणी कोर्टात आणत नाही. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि ते काम बघायलाही मिळेनासं झालं.

सप्टेंबर २०२२मध्ये तर कहर झाला. पी, ए, आर, ई, आर. साल काढायची सुरी, किंवा साल काढणारा. त्या दिवशी जगभर भल्याभल्यांच्या सलग जिंकण्याच्या माळा तुटल्या, कारण दुसरं अक्षर 'ए' आणि शेवटची दोन 'ई-आर' अशा थाटात बसणारे शब्द इंग्रजीत खंडीभर आहेत. भाच्यानं मात्र चौथ्या ओळीत सोडवला. विचारलं तर म्हणाला, "मावशी, किचनच्या वरच्याच ड्रॉवरमध्ये असतो की!" माझ्या स्वयंपाकघरात वरचा ड्रॉवर नाही आणि मी अजून विळीवर बसते. कैरीची साल, दुधीची साल, फणसाची चारखंडं, सगळं विळीवर. या सुरीचं नाव मला ठाऊक असायला ती सुरी माझ्या घरात असायला हवी होती.

इथं मला पहिल्यांदा लख्ख कळलं की माझं सगळं इंग्रजी ओसरीपर्यंतचं आहे. कोर्ट, बँक, तहसील, औषधाची चिठ्ठी, विम्याचा फॉर्म इथवर ते फिरतं. माजघरात ते कधी शिरलंच नाही. कुणी मला इंग्रजीत रागावलं नाही, इंग्रजीत झोपवलं नाही, इंग्रजीत भाजी निवडायला बसवलं नाही. आणि हे कोडं विचारतं ते नेमकं माजघरातलं. पाच अक्षरांत मावणारे इंग्रजी शब्द पाहा: रस्सा, पावाचा कडक पापुद्रा, पोटरीत येणारा गोळा, झाडाला लागणारा मावा, टेकाड, ठिकरी. मोठे, लॅटिन वळणाचे, कायद्याला लागणारे शब्द पाच घरांत मावतच नाहीत. ओसरीवरची ती मोजकी मंडळी सोडली तर माझी सगळी श्रीमंती सात-आठ अक्षरांच्या पुढची.

आणि हे माजघर कुणाचं, तेही शोधता येतं. हा खेळ जॉश वॉर्डल या ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या अभियंत्यानं आपली जोडीदार पलक शहा हिच्यासाठी केला. दोघांना करोनाच्या काळात शब्दकोड्यांचा नाद लागला होता. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे बारा हजार. त्यांतले निम्म्याहून अधिक कुणी उभ्या जन्मात ऐकलेले नसतात. तेव्हा पलकनं ती सगळी यादी नजरेखालून घातली आणि आपल्या ओळखीचे, अनोळखी, अर्धवट ओळखीचे असे ढीग केले. उरले ते अडीच हजारांच्या आसपास. ऑक्टोबर २०२१मध्ये खेळ सगळ्यांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला खेळणारे होते ९०, दोन महिन्यांत झाले तीन लाख, आणि ३१ जानेवारी २०२२ला न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकत घेतल्याचं जाहीर केलं. पुढं त्या वर्षाच्या नोव्हेंबरात शब्द निवडायला ट्रेसी बेनेट या संपादक नेमल्या गेल्या. म्हणजे मुळात ही यादी एका बाईच्या ओळखीच्या शब्दांची. व्हायला हवं तसंच झालं, घरातल्या माणसासाठी केलेला खेळ घरच्या शब्दांवरच चालणार. मात्र तिच्या घरात मी नव्हते.

यात एक दिलासा आहे, आणि तो थोडा खोडसाळ आहे. इंग्रजी ज्यांची जन्माची भाषा, तेही दुसऱ्याच्या घरात गेले की ठेचकाळतात. २०२२च्या जानेवारी-फेब्रुवारीत 'ह्यूमर' आणि 'फेव्हर' हे शब्द अमेरिकी पद्धतीनं, म्हणजे यू गाळून आले, तेव्हा ब्रिटिश मंडळी चवताळली. मी त्यांच्या बाजूची. प्रत्येक खरेदीखतात 'अमक्याच्या लाभात' हे शब्द येतात आणि तिथं यू टाकून टाकून माझी बोटं ब्रिटिश झाली आहेत. मग ५ मेला उत्तर आलं 'होमर'. बेसबॉलमधल्या एका फटक्याचं बोलीतलं नाव. मला ग्रीक कवी आठवला, पण विशेषनामं या खेळात चालत नाहीत. इंग्लंडातही तीच गत. केंब्रिज शब्दकोशाच्या संकेतस्थळावर मेच्या त्या पहिल्या आठवड्यात हा एक शब्द जवळपास ७५ हजार वेळा शोधला गेला, बहुतेक शोध उत्तर अमेरिकेबाहेरून, आणि वर्षाअखेरी केंब्रिजनं त्यालाच 'वर्षाचा शब्द' केलं. शेक्सपिअरच्या गावचे लोक आणि मी एकाच बाकावर बसलो होतो, हे मी आमच्या वकीलसाहेबांना दोनदा सांगितलं.

सोळा शब्दांतून चार-चारचे गट लावायचा 'कनेक्शन्स' हा खेळ २०२३च्या जूनमध्ये आला. तो मी फार दिवस खेळले नाही. त्यात बेसबॉलचे संघ, जुन्या अमेरिकी मालिकांतली पात्रं, न्याहारीच्या डब्यांवरची नावं. तिथं शब्द येऊन उपयोग नाही, तिथं बालपण अमेरिकेत जायला हवं.

आमच्या बाजूनंही एक हुकमी पान आहे. आम्ही मराठी शाळेतले, पाचवीपासून इंग्रजी शिकलेले. २०००च्या जूनपासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याच्या आधीची पिढी. उच्चार कळायच्या आधी आम्ही स्पेलिंगं पाठ केली, आणि ती लिहिली आहेत तशी वाचून. 'वेद-नेस-डे', 'क्नो-लेड-गे', 'बे-आउ-टी-फुल' असं घोकत आम्ही फाटकाबाहेर पडायचो. इंग्रजी माध्यमातली माझी मुलगी याला खूप हसते. पण टेकाडाचा तो 'नॉल' शब्द आला तेव्हा ती 'एन'नं सुरू होणारे शब्द शोधत बसली, आणि मला मात्र गप्प बसलेला 'के' लगेच दिसला. तिच्यासाठी शब्द हा आधी आवाज असतो. माझ्यासाठी तो आधी पाटीवरचा आकार होता, आवाज कितीतरी वर्षांनी आला, काहींचा अजून यायचा आहे. जिथं आवाजावर भिस्त असते तिथं मी मार खाते. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही माझ्या कानाला 'व'च. लाट आणि हक्क सोडणं हे दोन्ही 'वेव्ह' तर कुणालाही कागदावरच वेगळे होतात.

आपले काही शब्दही या खेळाला चालतात. 'क्रोर', 'सारी', 'धोती', अनेकवचनी 'लाख' आणि 'घाट' टाकून पाहा, खेळ ते नाकारत नाही. पण ते अंदाज म्हणून, पाहुण्यांसारखे. उत्तर होण्याचा मान 'मँगो'ला. तो मूळच्या यादीत आहे. रत्नागिरीनं एवढ्यावर समाधान मानायला हरकत नाही.

सकाळचा हा खेळ आटोपून मी कामाला बसते तेव्हा हीच गोष्ट उलट्या बाजूनं सुरू होते. आता कोकणातलं माजघर मला इंग्रजीच्या ओसरीवर न्यायचं असतं. मिळकतीच्या चतुःसीमा घ्या. 'पूर्वेस पाखाडी, पश्चिमेस पऱ्या, दक्षिणेस गडगा, उत्तरेस अमक्याचं परडं.' एका ओळीत चार शब्द आणि चारही इंग्रजीला परके. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीची छापील प्रत, माझ्या टेबलावर असते. कोकणातले असले शब्द त्यात पुष्कळ मिळतात. तरी कोश निकाल देत नाही. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, आणि पाखाडी म्हणजे गावातली एक वस्तीही. खरेदीखत चाळीस सालच्या पुढचं-मागचं, लिहिणारा हयात नाही. शेवटी पक्षकाराला बोलावून विचारलं, "आजोबा, ही पाखाडी म्हणजे वाट की वाडी?" म्हातारा माझ्याकडे कीव आल्यागत बघत म्हणाला, "वाट हाय ती, बाय. चिऱ्याची. पावसात घसारलीस म्हंजे कळंल."

गडग्याची गोष्ट याहून नाजूक. दगडी भिंत असं लिहिलं तर चुकत नाही आणि कुणी हरकतही घेत नाही. पण उच्च न्यायालयात वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चुन्या-सिमेंटात बांधलेली भिंत उभी राहते. गडगा म्हणजे दगडावर दगड नुसते रचलेले, मधे काही नाही. एका रात्रीत दोन माणसं तो वीतभर शेजाऱ्याच्या हद्दीत सरकवू शकतात, आणि दर पावसाळ्यात थोडा ढासळून परत रचताना तो आपोआपही सरकतो. अर्धे दावे याच वीतभर जागेचे. भिंत हलवली म्हटलं की वाचणाऱ्याला आरोप अशक्य वाटतो. गडगा हलवला म्हटलं की त्यात नवल राहत नाही. म्हणून आता मी 'गडगा' हाच शब्द रोमन अक्षरांत ठेवते, पहिल्यांदा येतो तिथं कंसात एक ओळ त्याचं वर्णन देते, आणि पुढं सगळीकडे बिनधास्त गडगा. 'होमर' माहीत नसलेल्या हजारो लोकांनी तो शोधून पाहिला. गडगा शोधायला कुणाची ना नसावी.

याला कायद्याचाही आधार आहे. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९चा, मूळ इंग्रजीत. त्यात 'खोत', 'खोती खासगी', 'खोती निसबत', 'धारेकरी' हे शब्द तसेच आहेत. त्याच्याही आधी, १९३७च्या सप्टेंबरात, डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. ज्या शब्दाखाली कोकणातलं कूळ पिढ्यान् पिढ्या दबलं होतं, त्याला इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसायची त्यांना गरज वाटली नाही. उलट बाजूचंही नवल पाहा. सावरकर १९२४ ते १९३७ या गावात स्थानबद्ध होते, इथं त्यांनी भाषाशुद्धीचा प्रचार केला. 'दिनांक', 'महापौर' असे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. आज आमच्या प्रत्येक अर्जाच्या डोक्यावर 'दिनांक' आहे, आणि खाली मजकुरात मयत, वारस, फेरफार, तारण, दावा अबेट. कागद सगळ्यांना सांभाळून घेतो.

माझ्याकडे हाताखाली एक मुलगी येते, नुकतीच एलएल.बी. झालेली. तिला मी भाषांतर न करण्याच्या शब्दांची यादी करून दिली आहे. तिचा वकिली पिंड, तिनं लगेच विचारलं, "ताई, हे ठरवणार कोण?" मी म्हटलं, "पलक शहा." तिला संदर्भ लागला नाही. तेवढ्यात कारकून आला, विषय राहिला.

गेल्या मेमध्ये भाचा सहकुटुंब आला होता. त्याची धाकटी तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाते, देवनागरी वाचते, मला मावशीआजी म्हणते. इंग्रजीत ती मला रोज हरवत होती. मी म्हटलं, आता मराठीत खेळू. वहीवर घरं आखली, रंगीत पेन्सिली घेतल्या. पाच घरांचे शब्द जमेनात, कारण मराठीत एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-जोडाक्षरासकट. रत्नागिरीची स्वारीसुद्धा चार घरांत आटोपते. मग तीन घरं ठरवली. पहिल्याच डावात पेच पडला: उत्तर 'गडगा', तिनं लिहिलं 'गारवा'. पहिल्या घरात 'गा' आहे, तिथं हवा 'ग'. हे हिरवं की पिवळं? आणि शेवटी खरोखरच 'गा' आहे, त्याचं काय? वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांत ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करायची रीत आहे, पण ही पोर नियमाला पक्की. अखेर केशरी पेन्सिल काढली. व्यंजन तेच पण काना-वेलांटी वेगळी असेल तर केशरी.

मी शब्द घातले ते गडगा, कातळ, पाखाडी, आठळ्या. ती चिडली. म्हणाली, हे शाळेच्या पुस्तकात नाहीत, हे शब्द कुठल्याच लिस्टमध्ये नाहीत, दिस इज नॉट फेअर. मी तिला सांगितलं की यादी मी केली आहे. दुसऱ्या दिवशी ती आजोळच्या परसात जाऊन चार-पाच शब्द घेऊन आली, सगळे तिथल्या मोठ्यांना विचारून लिहिलेले, आणि त्यांतला एक मलाही आला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं 'पऱ्या' घातला, तीन घरांत. मी म्हटलं, घरं दोनच होतात. ती म्हणाली, फोनवर टाइप करताना र वेगळा दाबावा लागतो आणि या वेगळा, म्हणून तीन. भाचा तिच्या बाजूनं, माझी मुलगी माझ्या बाजूनं. येत्या मेमध्ये ते परत येणार आहेत, तोवर 'ऱ्या'ला एक घर की दोन ते ठरायला हवं. माझ्या मते एक.